वरच्या बाकावरचा मनोरा

कॉपर बे, मिशिगन
मार्चचा शेवटचा रविवार (नाव मार्चचं, वागणूक जानेवारीची)

प्रिय लेम्पीताई,

खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढलेल्या बर्फाच्या अलीकडून तुझ्या धाकट्या भावाचा, वाइनोचा, मनापासून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू उजवा लिहिला होतास आणि त्याच्या आधीच्या पत्रात डावा, तेव्हा दोन्हींची चौकशी करतो. आम्ही सगळे ठीक आहोत. संत्र्यांची पेटी पोचली. पॉलच्या घरी निम्मी दिली, उरलेली मीच खाल्ली, आणि साली शेगडीवर वाळवून पाहिल्या की घरभर वास किती दिवस टिकतो (चार दिवस; पाचव्या दिवशी नुसता धूर). तुझ्या ओसरीवरच्या त्या सरड्याची शेपूट परत आली का? नवी शेपूट जुन्याच रंगाची येते की निराळी, हे जरा जवळ जाऊन, चष्मा लावून बघ आणि कळव. पंधरा दिवस माझ्या डोक्यात तेच आहे. फ्लोरिडात राहून एवढंही माहीत करून घ्यायचं नसेल तर माणसाने तिथे राहायचं तरी कशाला, असं मला वाटतं.

माझं म्हणशील तर खांदा जुनाच, कुरकुर जुनीच. रस्ते खात्याने मला बर्फ ढकलायच्या गाडीवरून उतरवून सात वर्षं झाली, पण शाळेला शनिवारी बसवर माणूस मिळत नाही, म्हणून अधूनमधून मला बोलावतात. त्यामुळेच परवाच्या प्रकरणात मी सापडलो. (परवाच्या म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीच्या. पत्र उशिरा लिहितोय त्याला कारण आहे, आणि ते कारणच हे पत्र आहे. पण तू मध्येच शेवटचं पान उलटून बघू नकोस. लहानपणापासून तुझी ती खोड आहे.)

तर आपल्या पॉलची मुलगी कायसा यंदा अकरावीत आहे आणि शाळेच्या विज्ञान संघात आहे. हा संघ म्हणजे पंधरा पोरं आणि एक ट्रेव्हॅरोबाई. ट्रेव्हॅरोबाई रसायनशास्त्र शिकवतात, आणि पेस्टीच्या सारणात गाजर घालतात. (घालू देत. बाकी बाई चांगली आहे.) स्पर्धेत तेवीस प्रकार असतात आणि प्रत्येकाला दोन-दोन पोरं. कोणी पक्ष्यांचे आवाज ओळखतं, कोणी दगड, कोणी पांढऱ्या भुकट्यांपैकी मीठ कुठलं आणि सोडा कुठला ते सांगतं. एक प्रकार तर असा आहे की एका पोराने स्ट्रॉ आणि बटणांचं एक विचित्र सोंग बघायचं आणि त्याचं वर्णन लिहून काढायचं, आणि दुसऱ्या खोलीत बसलेल्या जोडीदाराने ते नुसतं वाचून तसंच्या तसं उभं करायचं. त्यात मला घेतलं तर किती गंमत येईल असं मी ट्रेव्हॅरोबाईंना सुचवलं. त्यांनी माझी काही पत्रं पाहिली असावीत, कारण त्या म्हणाल्या की जोडीदाराला पन्नासच मिनिटं मिळतात.

कायसाकडे होता मनोरा. हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत उंच, आणि बाल्साच्या लाकडाचा, म्हणजे हातात घेतलं तर काही घेतलं आहे असं वाटू नये अशा लाकडाचा. त्याला खाली साखळीने बादली टांगतात आणि बादलीत वाळू ओततात. पंधरा किलोपर्यंत जो तोलेल तो शूर. पण शूर असून भागत नाही, मनोरा हलकाही हवा, कारण किती वाळू पेलली त्याला मनोऱ्याच्या वजनाने भागतात. पोरीने नोव्हेंबरपासून चौदा मनोरे बांधले आणि तेरा मोडले. मोडायला मी मदत केली. एकेक काडी कुठे तुटते, आधी कुठली वाकते, तुटण्याआधी आवाज कसला येतो, हे बघताना आमचं जेवण गार होऊन जायचं. चौदावा होता आठ ग्रॅमचा. ताई, आठ ग्रॅम म्हणजे तुझ्या मुठीत दोन-तीन दमड्या. आणि त्याने स्वयंपाकघरात पंधरा किलो पेलले, माझ्या डोळ्यांदेखत. आमच्या शाळेचा संघ एकदाही राज्याच्या स्पर्धेला लान्सिंगला गेलेला नाही. पहिले दोन संघ जातात. यंदा सगळ्यांनी बोटांवर गुण मोजून ठेवले होते, आणि ती बोटं कायसाच्या मनोऱ्यावर येऊन थांबत होती.

आता कायसाच्या लक्षात आलं की हवेतला ओलावा लाकूड पितं. घरात ठेवलेला मनोरा दोन दिवसांत अर्धा ग्रॅम जड होतो. गावातल्या इतर पोरांनी काय केलं असतं देव जाणे, पण ती कोणाची नात आहे? तिने गुरुवारी आपल्या सौनात, त्या लाकडी न्हाणीत, लहानसा जाळ केला, दगड कोमट होऊ दिले आणि केकच्या उघड्या डब्यात मनोरा ठेवून तो डबा वरच्या बाकावर, छताजवळ, जिथली हवा सगळ्यात कोरडी असते तिथे ठेवला. मला बजावून सांगितलं की शनिवारी संध्याकाळपर्यंत कोणी न्हायला जायचं नाही. मी मान डोलावली. मान डोलावणं मला चांगलं जमतं.

शुक्रवारी दुपारी एक पाहुणा आला. (त्याचं नाव मी पुढे सांगणार आहे. आत्ता लिहिलं तर तू हे पत्र संत्र्यांच्या सालींबरोबर टाकून देशील. तूर्त तो पाहुणा.) पाहुण्याने माझा खांदा ओळखून, न विचारता, शिडी लावून माझ्या छपरावरचा सगळा बर्फ खाली काढला. दोन तास लागले. खाली उतरला तेव्हा त्याच्या मिशीत बर्फ आणि पाठीत उसण. आता तू इतकी वर्षं फ्लोरिडात असलीस तरी हे विसरली नसशील की छप्पर साफ केलेल्या माणसाला आपल्याकडे नुसती कॉफी पाजून पाठवत नाहीत. आपल्या आईने तर अशा वेळी आधी सौनाची चूल पेटवली असती आणि मग नाव विचारलं असतं. मला मनोरा आठवत नव्हता असं मुळीच नाही. मी पूर्ण विचार केला, ताई, आणि तिथेच घोळ झाला. मी म्हटलं, कायसाला लाकूड कोरडं हवंय, आणि उष्णतेने लाकूड कोरडं होतं. मग जास्त उष्णतेने ते जास्त कोरडं होईल. म्हणजे पाहुण्याची पाठ मोकळी होईल आणि नातीच्या मनोऱ्याचं पाव ग्रॅम वजनही उतरेल. मी इतका खूश झालो की डबा हलवलासुद्धा नाही.

आम्ही तिघे बसलो. खिडकीजवळ मी, दाराजवळ पाहुणा आणि मध्ये डब्यात मनोरा, जणू तोही छपरावरून उतरून आलाय. पाहुण्याने विचारलं हे काय, मी त्याला काड्यांची रचना, साखळी, बादली, सगळं सविस्तर सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. आणि ऐकता ऐकता, ज्या सहजपणे माणूस डोकं खाजवतो त्या सहजपणे, त्याने बादलीतून ओगराळं भरलं आणि दगडांवर फेकलं. मग दुसरं. वाफ फुस्स करून वर आली, छताला लागली आणि आमच्या तिघांच्या डोक्यावर बसली. मी त्याला अडवलं नाही, कारण मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. सत्तर वर्षं मी त्या बाकावर बसतोय. पाणी न मारता कोणी सौनात बसलेलं मी पाहिलेलं नाही, तसं बसणं म्हणजे शेगडीशेजारी नागडं बसणं. उष्णतेचा मी विचार केला होता. वाफेचा केला नव्हता. तिसऱ्या ओगराळ्याला त्याचा हात गेला तेव्हा आम्हा दोघांचीही नजर डब्यात गेली. मनोऱ्याने मान फिरवली होती. खालचे पाय आमच्याकडे बघत होते आणि वरचा माथा दाराकडे.

पुढचे तीन तास दोन म्हातारे टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात काय करत होते ते लिहायला लाज वाटते. आम्ही त्याला मासेमारीच्या दोऱ्याने केचपच्या दोन बाटल्यांच्या मध्ये ताणून बांधला, शेगडीजवळ ठेवला, आळीपाळीने फुंकर मारली. पाहुण्याचं म्हणणं होतं उलटा पीळ द्यावा. माझं म्हणणं होतं हात लावू नये. शेवटी डोळे बारीक करून पाहिलं तर सरळ दिसेल इतपत तो सरळ झाला. आम्ही तो परत डब्यात ठेवला, डबा परत बाकावर, आणि वरून झाकण. कायसा त्या रात्री माझ्याकडेच मुक्कामाला होती; शाळेत सराव करून उशिरा आली आणि थेट झोपली. पहाटे सहाला डबा उचलून बसमध्ये मांडीवर घेऊन बसली. रस्ताभर आरशात मला ती झाकणावर दोन्ही हात ठेवलेली दिसत होती. मी सांगणार होतो. पुलावर सांगणार होतो, मग टेकडीवर, मग म्हटलं गाडी लावल्यावर सांगू.

गाडी लावल्यावर वेळ मिळाला नाही. तिथे नियम असा की आठच्या आत मनोरे जमा करायचे, आणि एकदा जमा केला की त्याला कोणी हात लावायचा नाही. दुसरा नियम असा की पोरं दोरीच्या आत गेली की बाहेरच्या मोठ्या माणसाने त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही, बोललं तर त्यांचा तो प्रकार बाद. कायसा आणि तिचा जोडीदार, पेंगेलींचा टोबी, दोरीच्या आत गेले, काट्यापाशी डबा उघडला, आणि मी बाहेर दोन हातांच्या अंतरावर उभा. काट्याने दाखवलं साडेनऊ ग्रॅम. कायसाने मनोरा डोळ्यांसमोर धरून गोल फिरवला. टोबीने वाकून वास घेतला आणि म्हणाला, "ह्याला सौनाचा वास येतोय." मग कायसानेही वास घेतला, आणि सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी त्या नियमाच्या पाटीकडे बोट दाखवलं. बोललो असतो तर ती बाद झाली असती, हे खरं आहे. आणि तो नियम मला त्या क्षणी फार सोयीचा वाटला, हेही खरं आहे.

परीक्षा होती दुपारी दोनला, तोपर्यंत सहा तास. त्या सहा तासांत मी जे पाहिलं ते एरवी मला वर्षभर पुरलं असतं. रबराच्या पिळाने उडणारं एक विमान, दोन टपाल तिकिटांइतकं जड, व्यायामशाळेच्या छताला जाऊन अडकलं, आणि त्याचा मालक मान वर करून जेवला. एक मुलगी कॉरिडॉरमध्ये डोळे मिटून घुबडांचे आवाज काढत होती. मी तिला आपल्या मागच्या रानातल्या घुबडाचा आवाज काढून दाखवला, तर तिने जात सांगितली आणि वर ते मादी आहे असंही सांगितलं. ताई, बारा वर्षं मी त्या घुबडाला 'साहेब' म्हणतोय. पण कशातच जीव रमेना. मी ज्या खिशात हात घालावा तिथे मला मासेमारीचा दोरा सापडत होता.

दोन वाजता मनोरा कट्ट्यावर चढला. दोघांनी डोळ्यांना मोठाले चष्मे लावले, टोबीने बादली धरली, कायसाने वाळू ओतायला घेतली. चार किलोला काही झालं नाही. सातला मनोऱ्याने आणखी थोडी मान फिरवली. कायसा ओतायची थांबली, खाली वाकून एका पायाकडे बघत राहिली, आणि मग पहिल्यापेक्षा अर्ध्या वेगाने ओतू लागली. नऊला माझ्या शेजारच्या बाईने माझा हात धरला (ओळख ना पाळख). दहाला तो हळूहळू वळतोय हे शेवटच्या रांगेतूनही दिसत होतं. माझ्या मनात आलं की पडणार तर पड एकदाचा. आणि लगेच आलं की नाही, इतका वेळ उभा आहेस तर राहा. दहा किलो सातशेला बारीक काट्कन आवाज झाला. तो आवाज मी स्वयंपाकघरात तेरा वेळा आवडीने ऐकला होता. चौदाव्यांदा ऐकला आणि मी डोक्यावरची टोपी काढली.

मनोऱ्यात आमचा नंबर सातवा. तिथे क्रमांकांची बेरीज करतात आणि ज्याची बेरीज कमी तो वर (हे मला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे दुपारपासून मी चुकीच्या वेळी टाळ्या वाजवत होतो). संध्याकाळी नावं वाचली तेव्हा कॉपर बे तिसरं. दुसऱ्या आलेल्या शाळेपेक्षा आमची बेरीज एका गुणाने जास्त. एका गुणाने, ताई. मनोरा सहावा आला असता तरी बरोबरी होती. आमच्या पोरांनी उभं राहून जिंकणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. टोबी पेंगेली बुटाची नाडी बांधायला खाली बसला आणि नाडी बांधायला त्याला फार वेळ लागला.

बसमध्ये सगळे चढल्यावर मी गाडी सुरू केली नाही. चालकाच्या जागेवरून उठलो, पोरांकडे तोंड केलं आणि सांगून टाकलं. काल सौना तापवला तो मी. डबा हलवला नाही तो मी. आणि दगडांवर पाणी मारलं तेही मीच. दोरा, बाटल्या, झाकण, सगळं सांगितलं. पाहुण्याचं नाव घेतलं नाही, पाहुणा होता हेही सांगितलं नाही. का, ते पुढे येईल. म्हटलं, तुमचं लान्सिंग माझ्यामुळे गेलं, काय बोलायचं ते बोला. मला वाटलं आता कोणीतरी रडेल, किंवा निदान टोपी फेकून मारेल. मग मागच्या बाकावरून एकाने विचारलं की दगड किती तापले होते. दुसऱ्याने विचारलं ओगराळ्यात पाणी किती मावतं. टोबी म्हणाला बाक दगडांपासून किती लांब आणि किती उंच. कोणीतरी वही काढली. ताई, मला शिव्या परवडल्या असत्या. मी सत्तर वर्षं ज्या खोलीत न्हातोय त्या खोलीबद्दल मला काहीच माहीत नाही हे त्या दहा मिनिटांत कळलं.

कायसा पहिल्या बाकावर मांडीवर रिकामा डबा घेऊन बसली होती आणि डब्याच्या बाहेरून बोट फिरवत होती. सगळ्यांचं झाल्यावर तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही बसला होतात कुठे?" मी म्हटलं माझ्या जागेवर, खिडकीजवळ, अजून कुठे बसणार. "मग पाण्याचे शिंतोडे डब्याच्या दाराकडच्या बाजूला कसे?" मी म्हटलं उडतात कुठेही. ती म्हणाली, "तुमचा खांदा गेल्यापासून तुम्ही पाणी फेकत नाही, ओतता. हे फेकलेलं आहे." मग तिने डबा बाजूला ठेवला आणि म्हणाली की चला आता, गाडी सुरू करा, मला भूक लागलीये. त्या रस्त्याने मी चाळीस वर्षं बर्फ ढकलला, पण इतका लांब तो कधीच नव्हता.

घरी पोचलो तर ओट्यावर पाहुणा बसलेला. हातात दालचिनीच्या पावाची लादी आणि तोंडावर दोषी माणसाची कळा. मी काही बोलायच्या आत तो उठला आणि कायसाला म्हणाला, "पोरी, पाणी मी मारलं. ह्याचं ऐकू नकोस. त्या सौनात पाणी मारल्याचं खापर माझ्यावर एकदा फुटलंय, तेव्हा मी मारलं नव्हतं. ह्या खेपेस मारलंय, तर निदान ते तरी माझ्या नावावर राहू दे."

तू ओळखलं असशीलच. हो, आर्वो हेइक्किनेन. पत्र खाली ठेवू नकोस.

कायसाने विचारलं एकदा म्हणजे केव्हा. आर्वो माझ्याकडे बघायला लागला आणि मी पावाकडे. आणि मग एकसष्ट वर्षांत जे कोणाला सांगितलं नव्हतं ते मी एका सोळा वर्षांच्या मुलीला, बूटही न काढता सांगितलं. आता तुला सांगतो. तो तुझा चंद्र, ताई. धुण्याच्या टबाएवढा, कागदाच्या लगद्याचा, प्रत्येक खळगा दुर्बिणीत बघून केलेला, लान्सिंगच्या प्रदर्शनाला निवडला गेलेला. तू तो वाळायला वरच्या बाकावर ठेवला होतास. मी अकरा वर्षांचा होतो, दिवसभर बर्फात घसरून आलो होतो आणि माझी पावलं बधिर झाली होती. मी चोरून आत गेलो आणि दोन ओगराळी पाणी मारलं, फक्त दोन. वाफेतून बघितलं तर चंद्राची कड लोंबत होती. मी पळालो. संध्याकाळी न्हाणं झाल्यावर तू आत गेलीस आणि तुझी किंकाळी ऐकू आली. दाराबाहेर लाकडं फोडायला आलेला आर्वो पाणी प्यायला ओगराळं हातात घेऊन उभा होता. आईने त्याला विचारलं, तू मारलंस का पाणी. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हो म्हणाला. का म्हणाला हे मी त्याला कधी विचारायची हिंमत केली नाही, कायसाने लगेच विचारलं. तो म्हणाला, "ह्याचे ओठ निळे पडले होते. बाबांचा पट्टा खुंटीवर होता. मी अठरा वर्षांचा, मला कोण मारणार?"

त्या दिवसापासून तू त्याच्याशी बोलली नाहीस. त्याच्याबरोबरचे त्या हिवाळ्यातले नाच राहिले, पुढचे राहिले. (बाबांनी तुझं दुःख बघवेना म्हणून त्याच सोमवारी हॅनकॉकला जाऊन तुला पांढरे स्केट्स आणून दिले, आठवतं? ना वाढदिवस, ना नाताळ. बाबांनी आपणहून विकत आणलेली ती एकमेव वस्तू असेल.) आता आर्वोचं आयुष्य तुझ्यावाचून वाया गेलं असं काही मी लिहिणार नाही, कारण ते खोटं आहे. त्याची एल्मा चांगली बाई होती, त्यांना तीन मुली झाल्या, आणि खरं सांगायचं तर तिची पेस्टी तुझ्यापेक्षा बरी व्हायची. तुझा वॉल्टरही लाखात एक माणूस होता. पण आईच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात तू सगळ्यांना कॉफी ओतत आलीस आणि त्याच्या कपावरून किटली तशीच पुढे नेलीस, ते मी पाहिलं. त्याने रिकामा कप तोंडाला लावून प्यायल्यासारखं केलं, तेही पाहिलं. तेव्हाही मी बोललो नाही. तिथे तर नियमाची पाटीही नव्हती. मला त्याची शरम वाटते, ताई. रोज वाटत नाही, पण छपरावरून बर्फ पडल्याचा आवाज आला की वाटते, कारण दर वर्षी तो बर्फ तोच काढतो.

कायसाने आमच्या दोघांचं ऐकून घेतलं, पाव कापला, आणि निकाल दिला की मनोऱ्याची माफी आहे पण एका अटीवर, आजोबांनी लेम्पीआजीला सगळं लिहायचं. मला तीन आठवडे लागले. ती रोज विचारत होती.

बाकी सर्व क्षेम. पॉल आणि मंडळी तुला आठवण सांगतात. खाडीवरचा बर्फ अजून गाडी पेलतो, पण मी नेत नाही. गुडघ्याला (जो कुठला असेल त्याला) जप.

तुझा धाकटा भाऊ, ज्याला तू अजून भाऊ म्हणशील अशी आशा आहे,
वाइनो

ता. क. नऊ एप्रिलला आर्वोच्या खुब्याची शस्त्रक्रिया आहे. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने माझ्या छपरावर चढायला नको होतं, पण ते आता झालं. त्याच्या आधी त्याला एक फोन कर. त्याचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं, मनोऱ्याचं सांगितलं ते तू इथवर वाचत यावंस म्हणून.

ता. क. दुसरा. कायसा आणि टोबी गेल्या दोन शनिवारी माझा सौना अडवून बसले आहेत. त्यांनी कागदाच्या लगद्याचा चंद्र केला, टबाएवढाच, आणि त्यावर दोन ओगराळी वाफ घेतली. कड दोन बोटं लोंबली, वाळल्यावर पुन्हा ताठ झाली. चार ओगराळी घेतली, तेच. अकरा घेतली, तरी चंद्र शाबूत. मग टोबी चुकून त्यावर बसला, आणि त्याचे पाच तुकडे झाले. तेव्हा कायसाचे तीन प्रश्न आहेत, जसेच्या तसे लिहितो. खळ कणकेची होती का? तू पाहिलास तेव्हा चंद्र लोंबलेला होता की चपटा? आणि त्या संध्याकाळी अंधारात सगळ्यांत आधी न्हायला कोण गेलं होतं?

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. ताई, आपल्याकडे आधी पुरुष न्हायचे. मी त्या दिवशी पोट दुखतंय सांगून अंथरुणात होतो. बाबा एकटेच गेले होते, अंधारात, त्याच वरच्या बाकावर. आणि सोमवारी स्केट्स. मी आर्वोला हे अजून सांगितलेलं नाही, तू फोन करशील तेव्हा तूच सांग.